कैदी कुठे गेले?

माझ्या आयुष्यात सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला आठवत बसावं लागत नाही. शकुंतला ढवळे. मेहकरला आम्ही त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचो. त्या इतिहास शिकवायच्या आणि दरवर्षी गॅदरिंगला ऐतिहासिक नाटक बसवायच्या. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. वडलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, दहावीनंतर मी तिथंच बसणार हे ठरलेलं होतं आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. एका रविवारी बाई दुकानात आल्या, स्टुलावर बसल्या आणि वडलांना म्हणाल्या, "याला पुढे शिकवा, नाहीतर मी इथून उठत नाही." त्या खरंच उठल्या नाहीत. गिऱ्हाइकं त्यांना वळसा घालून हवा भरून घेत होती. संध्याकाळी वडील हरले. म्हणून मी इंजिनीअर झालो, मास्टर्स करायला डब्लिनला आलो आणि ग्रँड कॅनाल डॉकच्या एका कंपनीत लागलो.

पण हे लिहितोय ते बाईंवर नाही. ते माझ्या डब्लिनमधल्या घरमालकिणीवर आहे. बाईंनी मला इतिहास शिकवला. घरमालकिणीनं तो रिमोटनं थांबवला, मागे नेला आणि पुन्हा बघायला लावला.

आम्ही तिला आंटी म्हणायचो. आंटी बेनिनच्या. पश्चिम आफ्रिकेतला हा चिंचोळा देश. तिथं पूर्वी डाहोमे नावाचं राज्य होतं आणि तिथल्या राजाच्या सैन्यात बायकांची पलटण होती. खऱ्या बायका, खऱ्या बंदुका. आंटींची खापरपणजी त्या पलटणीत होती. मी डब्लिनच्या ओंगार या उपनगरात त्यांच्याकडे खोली बघायला गेलो तेव्हा हे मला भाड्याच्या आधी कळलं.

"माझी खापरपणजी काट्यांच्या कुंपणावरून अनवाणी धावायची," दार उघडून त्या म्हणाल्या. "तू बूट इथंच काढ."

ओंगारची घरं एका साच्यातून काढल्यासारखी आहेत. नवीन माणूस दुसऱ्याच्या दाराला किल्ली लावतो आणि सॉरी म्हणून परत फिरतो. आंटींचं घर मात्र चुकत नसे. त्यांच्या मागच्या अंगणात हिरवळीऐवजी काटेरी झुडपांचं रान होतं. रानटी ब्लॅकबेरीची ही झुडपं इथं सगळे उपटून टाकतात, आंटी त्यांना खत घालायच्या. शेजारचा पॅडी, निवृत्त बस ड्रायव्हर, दर शनिवारी हिरवळ कापण्याचं यंत्र घेऊन कुंपणापाशी उभा राहायचा.

"मी पाच मिनिटांत साफ करून देतो, मिसेस."

"ते पलटणीचं मैदान आहे."

"ग्रँड," म्हणजे ठीक आहे, असं पॅडी म्हणायचा आणि पुढच्या शनिवारी पुन्हा यायचा.

आंटींनी सगळी उमर शहराच्या दुसऱ्या बाजूला, ब्युमॉन्टच्या इस्पितळात नर्स म्हणून काढली होती. त्यांचं इंग्रजी फ्रेंच वळणाचं आणि माझं मेहकर वळणाचं, पण आम्हाला एकमेकांचं सगळं कळायचं. मला त्या 'सॉफ्टवेअर' म्हणायच्या. "सॉफ्टवेअर, कांदा चीर." त्या मोजेसुद्धा इस्त्री करायच्या. दुपारी येणाऱ्या पोस्टमनला थर्मामीटर लावायच्या. आणि रोज सकाळी चहाबरोबर इंटरनेटवर मृत्यूच्या बातम्या वाचायच्या. आयर्लंडमध्ये हे पुष्कळ लोक करतात. कुणाच्या अंत्यविधीला जायचं ते त्यावरून ठरतं. आंटी त्या वाचून दुरुस्त करायच्या.

"हे बघ. 'शांतपणे गेले' लिहिलंय. सगळेच शांतपणे जातात! मी वॉर्डात होते, सॉफ्टवेअर. शांतपणे फार थोडे जातात. हा माणूस आपल्या भावाला शिव्या देत गेला असणार."

"पण आंटी, घरच्यांना बरं वाटावं म्हणून..."

"चार्टवर बरं वाटेल ते लिहिलं की पुढच्या पाळीची नर्स चुकीचं औषध देते."

हा त्यांचा सगळ्यात मोठा नियम. तो त्या दुधाच्या बाटलीवरच्या तारखेपासून राजघराण्यांपर्यंत सगळ्यांना लावायच्या.

दोन हजार वीसचा लॉकडाऊन लागला आणि माझं ऑफिस माझ्याच खोलीत, त्यांच्या बॉक्स रूममध्ये आलं. घरातली ती सर्वांत लहान खोली. पाय लांब केले की भिंत लागे. संध्याकाळी मात्र आम्ही खाली सिनेमे बघायचो. आफ्रिकेतल्या शूर बायका कुठेही दिसोत, मग ती मालिका असो, माहितीपट असो की तीन मिनिटांचा ट्रेलर, आंटींना ते बघायचंच असे. खरं तर त्या ते बघत नसत, तपासत.

"घोडे! पलटणीत घोडे नव्हते. पायी होत्या."

"बिबळ्याचं कातडं! ही बाई लढायला निघालीय की सोफा विकायला?"

मग लढाई व्हायची, बायका जिंकायच्या, शंख फुंकले जायचे, सूर्य मावळायचा. मी हरखून बघत असायचो. आंटी रिमोट दाबून चित्र थांबवायच्या.

"कैदी कुठे गेले?"

"कोणते कैदी?"

मग चित्र मागे. "हे बघ. इथं गुडघ्यावर बसलेली माणसं. आता पुढे बघ. सूर्य मावळला, नाच सुरू झाला, माणसं गायब. गेली कुठे? शेतात? बसनं घरी?"

त्याचं उत्तर त्यांनीच दिलं. डाहोमेची फौज शेजारच्या मुलखात जाऊन माणसं पकडून आणायची. काही राजाच्या कामाला ठेवत, काहींचा बळी जाई आणि कितीतरी जणांना किनाऱ्यावर नेऊन जहाजवाल्यांना विकलं जाई. बंदुका त्यातूनच यायच्या. "माझी खापरपणजी शूर होती," आंटी म्हणायच्या. "आणि ती माणसं पकडून आणायची. दोन्ही खरं. सिनेमावाले एकाच डोळ्याचा चष्मा घालून बसतात."

एकदा मी अभिमानानं त्यांना एक मराठी ऐतिहासिक सिनेमा दाखवला, सबटायटल्ससकट. त्यांनी तो शेवटपर्यंत शांतपणे पाहिला. मला वाटलं, जिंकलो. मग त्यांनी विचारलं, "छान आहे. कैदी कुठे गेले?"

हे सगळं वेड असतं तर मी सहज सोडून दिलं असतं. पण त्यामागे एक माणूस होतं. आंटींची एक मैत्रीण होती, नायजेरियाची, अबेओकुटा नावाच्या गावची. तिलाही आम्ही आंटीच म्हणत असल्यानं मी तिला ब्युमॉन्टच्या आंटी म्हणतो. दोघी एकाच वर्षी नर्स म्हणून लागल्या, एकाच वर्षी निवृत्त झाल्या. लॉकडाऊनच्या जरा आधी त्यांचा निरोप समारंभ झाला. तिथं आमच्या आंटींनी भाषणात खापरपणजीची गोष्ट सांगितली. शत्रू कसे थरथर कापायचे, ते हातवारे करून सांगितलं. लोक टाळ्या वाजवायला लागले.

तेव्हा केकच्या पलीकडून ब्युमॉन्टच्या आंटी म्हणाल्या, "तो शत्रू म्हणजे माझी खापरपणजी. तिची धाकटी बहीण तुझ्या खापरपणजीनं दोरीला बांधून नेली. ती परत आली नाही. तिचं नाव आमच्या घरात अजून मुलींना ठेवतात."

आमच्या आंटी यावर काय म्हणाल्या, तेही त्यांनीच मला सांगितलं, आणि काटछाट न करता सांगितलं. त्या म्हणाल्या, "आज केक आहे. आज हे कशाला?"

केक कुणी कापला नाही. त्यानंतर दोघी बोलल्या नाहीत.

"मग तुम्ही जाऊन भेटा ना," मी म्हटलं.

"पाच किलोमीटरचा नियम आहे."

तेव्हा घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी होती, आणि ब्युमॉन्ट त्याच्या पुष्कळ पलीकडे. आंटींनी तो नियम फार मनापासून पाळला. फोनला किलोमीटरचं बंधन नसतं, हे मी एकदा बोलून गेलो. त्या दिवशी मला सगळे पडदे इस्त्री करायला लागले.

मग दोन हजार एकवीसच्या वसंतात नियम सैल झाला आणि आंटींना सबब उरली नाही. त्यांनी दोन दिवस मोजे इस्त्री केले. तिसऱ्या दिवशी जेवताना जाहीर केलं, "मी सिनेमा काढणार. खरा. त्यात कैदी कुठे गेले ते असेल. आणि तिला तो बघायला बोलावणार."

माफी मागायला त्यांना दोन शब्द जड जात होते, म्हणून त्या एक अख्खा सिनेमा काढणार होत्या.

पैसे नव्हते, नट नव्हते. होतं ते ओंगार. आणि ओंगारला मराठी माणसं भरपूर. आमच्या मंडळातल्या वैशालीताई नागपूरच्या, एका मोठ्या कंपनीत मॅनेजर. त्यांचा बायकांचा लेझीमचा संच होता आणि वर्षभर एकही कार्यक्रम न झाल्यानं त्या फुरफुरत होत्या. मी विचारताच म्हणाल्या, "अरे बापा, विचारून काय राहिला! कधी यायचं ते सांग."

तोंडं रंगवायचा विषय कुणी काढायच्या आधीच आंटींनी संपवला. "जी कोणी चेहरा काळा करून माझ्या अंगणात येईल तिला मी बागेच्या नळीनं धुऊन काढीन. आपण सावल्यांचा सिनेमा करणार." कपडे वाळत घालायच्या दोरीवर पांढरी चादर लावायची. पश्चिमेचं ऊन मागून, बायका मध्ये, माझा फोन अलीकडे इस्त्रीच्या टेबलावर. फोनमध्ये फक्त सावल्या येणार.

यात आयर्लंडचं ऊन ही एकच अडचण होती. ते कधी येईल ते कुणालाच सांगता येत नसे. व्हॉट्सॲप ग्रुपवर आंटी 'ऊन!' असा निरोप टाकायच्या आणि ओंगारभर मीटिंगा म्यूट व्हायच्या. वैशालीताई नऊवारी नेसून, कानात हेडफोन तसेच ठेवून पळत यायच्या. "येस, येस, आय ॲग्री," असं ऑफिसला सांगत त्यांनी अर्ध्या लढाया लढल्या आहेत. अंगणात नियमाप्रमाणे थोडीच माणसं चालत, म्हणून त्याच चार बायका चादरीमागून जाऊन स्वयंपाकघराला वळसा घालून पुन्हा चादरीमागून जायच्या. अशी पलटण झाली.

नऊवारी आंटींनी नीट तपासली. "पाय मोकळे. दुटांगी. चालेल." कासोट्याची सावली त्यांना पटली. तलवारी लाकडी उलथन्यांच्या होत्या. काट्यांतून धावायच्या दृश्याला वैशालीताईंची साडी तीन ठिकाणी फाटली, पण त्या थांबल्या नाहीत. त्या दिवशी आंटींनी त्यांना कडक सलाम ठोकला.

भांडण झालं ते भूमिकांवरून. लढणारी व्हायला सगळ्या तयार. कैदी व्हायलाही दोघी तयार झाल्या, त्यात रडायला मिळतं. पण विकणारी कोण? आणि विकत घेणारा कोण?

"आंटी, ते विकायचं कशाला घेता?" वैशालीताई म्हणाल्या. "आमच्या पोरी बघून राहिल्या हा सिनेमा. पहिल्यांदा कोणी आफ्रिकेतल्या बायका अशा झाशीच्या राणीसारख्या दाखवते, तर त्यात बाजार कशाला?"

"बाजार होता म्हणून."

"सगळंच दाखवायला पाहिजे का?"

"तुम्ही ऑफिसात आकडे लपवता?"

"ते वेगळं!"

विकत घेणारा म्हणून आंटींनी पॅडीला विचारलं. गोरा माणूस, टोपीही त्याच्याकडे होती. पॅडी कुंपणाच्या पलीकडून दुखावल्यासारखा म्हणाला, "आम्ही? मिसेस, आमच्यावरच इंग्रजांचं राज्य होतं. आम्ही उपाशी मेलो."

"फ्रान्सच्या बंदरांत हा धंदा करणारे आयरिश व्यापारी होते."

"ते... ते फ्रान्समध्ये होते."

शेवटी पॅडी जहाज व्हायला तयार झाला. "जहाज चालेल. जहाजाचा काय दोष?" तो कुंपणापलीकडे पुठ्ठ्याचं शीड धरून उभा राहायचा आणि वारा आला की त्याचंच जहाज त्याला चोपायचं.

विकत घेणारा मी झालो. मी म्हटलं, "आंटी, आमचा तर यात काहीच संबंध नव्हता."

"कापड बराच काळ तुमच्या बाजूनं यायचं. कवड्याही तुमच्याच समुद्रातून. माणसाची किंमत कवड्यांत मोजत. तुझा संबंध नाही, तुझ्या कापडाचा आहे. छत्री धर, सावलीत व्यापारी दिसशील."

कवड्या! माझ्या आईच्या देव्हाऱ्यात भवानीची कवड्यांची माळ आहे. मला ते ऐकून घरचं काहीतरी चोरीच्या मालात सापडल्यासारखं झालं. रविवारी मी नेहमीप्रमाणे ढवळे बाईंना फोन केला आणि सगळं सांगितलं. वाटलं, बाई म्हणतील, आपल्याकडे असलं काही नव्हतं.

बाई म्हणाल्या, "आपल्या नाटकात दुसऱ्या अंकात आरती घेऊन येणारी दासी आठवते?"

"हो. तिला वाक्य नव्हतं."

"ती काय पगारावर होती असं वाटलं तुला? बटीक म्हणजे विकत घेतलेली बाई. कागदपत्रांत आहेत त्यांच्या किमती. काही लढाईत धरून आणलेल्या, काही दुष्काळात विकलेल्या."

"मग तुम्ही तेव्हा सांगितलं नाही कधी?"

"गॅदरिंगला आमदार यायचे रे," बाई म्हणाल्या. आणि पुढे, "त्या मैत्रिणीचं काय होतं ते मला कळव. फोनवर नको, इथं आवाज तुटतो. नीट पत्र लिही."

मी निमूट छत्री धरली.

बेड्यांच्या आवाजासाठी आंटींना काहीतरी लोखंडी हवं होतं. वैशालीताईंनी लेझमी आणल्या. लेझमीची साखळी हातात घेऊन दोन कैदी बायका मान खाली घालून चादरीमागून निघाल्या. पहिली चार पावलं इतकी खरी पडली की माझ्या अंगावर काटा आला. पाचव्या पावलाला हातांनी सवयीनं ताल धरला. सहाव्याला एकीनं गिरकी घेतली.

"कट!" आंटी ओरडल्या. "या बायका किनाऱ्यावर विकायला चालल्यात की लग्नाला?"

"सॉरी आंटी, लेझीम हातात आली की हात ऐकतच नाही."

शेवटी लेझमी पॅडीच्या हातात दिल्या. त्याला कुठलाच ताल नव्हता. जहाज एका हातात, साखळ्या दुसऱ्या हातात, असा तो उभा राहिला आणि आवाज अगदी खरा आला.

हळूहळू सगळं चित्रीकरण झालं. हल्ला झाला. बाजार झाला, विकणाऱ्या शेवटी वैशालीताईच झाल्या. मी छत्रीखाली कापड वाव-वाव मोजून दिलं. तेवढ्या वेळात अंगणात कुणी हसलं नाही. उरलं होतं शेवटचं दृश्य, आणि ते आंटींनी आम्हाला वाचूनच दाखवलं नव्हतं. एका सकाळी मृत्यूच्या बातम्या न वाचताच त्यांनी ते मला सांगितलं. त्यात खापरपणजी काळोखात एका कैदी मुलीची दोरी सोडते. मुलगी पळून जाते.

मी विचारलं, "असं झालं होतं?"

आंटींनी चहात साखर घातली. त्या साखर घेत नसत.

"झालं असेल."

"पण आंटी, तुम्हीच तर..."

"सॉफ्टवेअर, कांदा चीर."

घरात कांदा नव्हता. मी बसून राहिलो. मृत माणसाच्या 'शांतपणे'वरही विश्वास न ठेवणारी ही बाई एकच खोटं लिहीत होती, आणि ते कुणासाठी ते मला माहीत होतं.

मग त्यांनी मला डबा देऊन ब्युमॉन्टला पाठवलं. स्वतः गेल्या नाहीत. डब्यात अकारा नावाचा पदार्थ होता. आपले चवळीचे वडे म्हटले तरी चालेल, दोघींच्याही देशात होतात. ब्युमॉन्टच्या आंटी दारातच भेटल्या. उंच, काठी टेकून, मास्क लावलेला. त्यांनी तिथंच डबा उघडला, मास्क खाली ओढून एक वडा खाल्ला.

"मीठ कमी. अजूनही." मग माझ्याकडे पाहिलं. "तू तिचा भाडेकरू. तुला काय सांगायला पाठवलंय?"

"सिनेमा बघायला बोलावलंय. आणि तुमची इच्छा असेल तर शेवटच्या दृश्यात कामही आहे."

"कसलं काम?"

खोटं बोलायचं मला सुचलं नाही. "कैदी मुलीचं. तुमच्या खापरपणजीच्या बहिणीचं. आंटींची खापरपणजी तिला सोडते."

त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की समोरच्या घराचा पडदा हलला. हसू थांबल्यावर म्हणाल्या, "आमच्या गावाला भिंत होती. भिंतीच्या आत होते त्यांनी तुमच्या शूर बायकांना पळवून लावलं. ते आहे का तिच्या सिनेमात?"

"नाही."

"बहीण बाहेर शेतावर होती, ती गेली. तीही खरी आणि भिंतही खरी. सांग तिला, येते मी."

त्या शनिवारी ऊन पडलं. मी टॅक्सीनं त्यांना घेऊन आलो. दोघी म्हाताऱ्या अंगणात समोरासमोर उभ्या राहिल्या. आमच्या आंटींनी थर्मामीटर काढला, ब्युमॉन्टच्या आंटींनी कपाळ पुढे केलं. "ग्रँड," पॅडी कुंपणापलीकडून म्हणाला, कुणीतरी काहीतरी बोलायला हवं म्हणून.

दोघी चादरीमागे गेल्या. मी फोन सुरू केला. सावल्या आल्या. एक बसलेली, हात बांधलेले. दुसरी येते, इकडे तिकडे बघते, वाकते आणि दोरी सोडायला लागते. वैशालीताईंनी डोळ्यांना पदर लावला. मग काहीतरी बिघडलं. दोरी सुटेना.

"हात सैल सोड," चादरीमागून आमच्या आंटी कुजबुजल्या.

"नाही सोडत."

"मी तुला सोडवतेय!"

"तिला कुणी सोडवलं नव्हतं. मला का सोडवतेस? हे झालं होतं?"

"झालं असेल!"

"कुणी पाहिलं?"

सावल्या थांबल्या होत्या. मग आमच्या आंटींनी दोरी ओढली. ब्युमॉन्टच्या आंटींनी ती आपल्याकडे ओढली. एक सोडवायला, एक सुटू न द्यायला. चादरीवर दोन म्हाताऱ्यांच्या सावल्या मागेपुढे झुलायला लागल्या आणि लांबून बघणाऱ्याला कोण कुणाला पकडतंय ते सांगता आलं नसतं. पॅडीनं घाबरून साखळ्या वाजवल्या.

"सोड!"

"तू सोड!"

कपड्यांची दोरी खांबासकट आली. चादर दोघींवर पडली आणि दोघी चादरीसकट काटेरी झुडपांत. आतून आधी फ्रेंच ऐकू आलं, मग ब्युमॉन्टच्या आंटींची योरुबा. आम्ही धावलो. चादर उचलायला हात घालणार, तेवढ्यात आतून आमच्या आंटींचा आवाज आला, नर्सचा: "कुणी हलवू नका तिला. घोटा आहे."

त्यानंतर काय झालं ते मी बाईंना कळवलं. ते पत्र असं.

*बाई, नमस्कार.*

*तुम्ही पत्रच लिही म्हणालात, म्हणून उशीर झाला. शनिवारी शेवटचं दृश्य घेताना ब्युमॉन्टच्या आंटी पडल्या आणि त्यांचा घोटा मुरगळला. हाड मोडलेलं नाही. काटे मात्र दोघींनाही भरपूर लागले. आमच्या आंटींनी चिमट्यानं त्यांचे काटे काढले आणि त्यांनी आमच्या आंटींचे. त्या वेळी जे बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. मला आणि वैशालीताईंना बाहेर काढलं होतं.*

*डॉक्टरांनी पाय टेकू नका असं सांगितल्यानं ब्युमॉन्टच्या आंटी इथंच आहेत. त्यांना माझी खोली दिली आहे. मी सोफ्यावर झोपतो, माझी काळजी नसावी. ऑफिसचं काम स्वयंपाकघरात बसून करतो. मॅनेजरनी विचारलं, मागे कोण भांडतंय? मी म्हटलं, इतिहासाच्या तज्ज्ञ आहेत.*

*सिनेमा काल सगळ्यांनी मिळून पाहिला. सुटकेचं दृश्य काढून टाकलं. आमच्या आंटींनीच काढायला सांगितलं. त्याऐवजी दोघी दोरी ओढतात तेवढं ठेवलं आहे, चादर पडेपर्यंत. अबेओकुटाची भिंत आता नव्याने घ्यायची आहे. त्यात वैशालीताईंना हरायचं आहे आणि त्या नाराज आहेत. बाजार आहे तसाच आहे. मी त्यात छत्री घेऊन उभा दिसतो. घरी आईला दाखवावं की नाही, हे तुम्ही सांगा. वैशालीताईंच्या मुलीनं सिनेमा बघून त्यांना विचारलं, "मम, आर वी द बॅडीज?" वैशालीताई म्हणाल्या, "थोड्या वेळापुरत्या." मग त्यांना स्वतःलाच ते पटलं नाही आणि त्या पुन्हा तिला समजावत बसल्या. घरी निघेपर्यंत समजावतच होत्या.*

*तुम्ही विचारलं होतं, मैत्री जुळली का. नक्की सांगता येत नाही. मी काल धीर करून ब्युमॉन्टच्या आंटींना विचारलं, तुम्ही त्यांना माफ केलं का? त्या म्हणाल्या, "मी कोण माफ करणार? जी करू शकली असती ती जहाजावर गेली. मला चहा हवाय." चहा आमच्या आंटींनी केला. मीठ कमी, असं चहालाही म्हणून झालं.*

*आत्ता मी हे लिहितोय तर त्या समोर खुर्चीवर पाय ठेवून बसल्या आहेत. कुणाला लिहितोस, असं विचारलं. तुमच्याबद्दल सांगितलं. माझ्या घोट्याचं काय लिहिलंस, असं विचारलं. वर लिहिलं आहे ते इंग्रजीत वाचून दाखवलं.*

*त्या म्हणाल्या, "पडले नाही. तिनं पाडलं."*

*आमच्या आंटी सिंकपाशी पाठ करून कढई घासत होत्या. त्यांनी नळ बंद केला. मला वाटलं, आता नवीन भांडण. त्यांनी फेसातली कढई बाजूला ठेवली.*

*मग वळून न बघता म्हणाल्या, "सॉफ्टवेअर, तसं लिही. मी पाडलं."*

*ब्युमॉन्टच्या आंटींनी खुर्चीवरचा पाय खाली घेतला आणि तीच खुर्ची काठीनं सिंककडे ढकलली, बसायला.*

*म्हणून, बाई, वर पहिल्या परिच्छेदात 'पडल्या' असं लिहिलं आहे ते कृपया दुरुस्त करून वाचावं.*

*तुमचा विद्यार्थी*